बुडावरचे ओरखडे

नजमुद्दीनचाचा काय काम करतो असं कोणी विचारलं, तर मी सरळ सांगतो, नाही म्हणायचं काम करतो. अलिबागपासून काशीदपर्यंत ज्यांनी ज्यांनी समुद्राकडे तोंड करून बंगले बांधलेत, त्यांना कधी ना कधी जुन्या बाटल्यांचं वेड लागतंच. नक्षी कोरलेल्या काचेच्या बाटल्या, अत्तराच्या, गुलाबपाण्याच्या, दारूच्या, कुठल्यातरी नवाबाच्या घरातल्या म्हणून घेतलेल्या. दिवाणखान्यात मांडून झाल्या की मनात किडा वळवळायला लागतो, खरी आहे की आपण फसलो? मग फोन मला येतो, कारण चाचा फोन उचलत नाही. मी माझी मिनिडोर, म्हणजे सहा सीटची रिक्षा, काढतो, आगरदांड्याच्या अलीकडच्या त्याच्या वाडीतून त्याला उचलतो आणि खड्डे चुकवत आम्ही निघतो. चाचा बाटली हातात घेतो, उलटी करतो, खिशातलं भिंग डोळ्याला लावतो आणि म्हणतो, 'न्हाय.' दहातल्या नऊ वेळा एवढंच. दहाव्या वेळी 'हाय' म्हणतो, तेही अशा आवाजात की मालकाला आनंद व्हायचा राहूनच जातो.

काशीदच्या मृणालीताईंनी तर एकदा निघताना त्याला दारातच अडवलं. बाई चांगल्या, बोलायला गोड, दर खेपेला आमच्यासाठी सरबत तयार ठेवणाऱ्या. पण चार बाटल्या मांडून चारही वेळा 'न्हाय' ऐकल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. 'अहो चाचा, का नाही, ते तरी सांगा!' त्या म्हणाल्या. चाचानं भिंग पुसलं, खिशात टाकलं आणि चपला शोधायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी रस्त्याला लागल्यावर मी तोंड सोडलं.

'चाचा, दोन शब्द जास्त बोललास तर जीभ झिजेल काय तुझी?'

'दमलो रे भागोजी,' तो म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं उत्तर. जेवलास का विचारा, दमलो. मुआजचा फोन आला का विचारा, दमलो. मुआज त्याचा एकुलता मुलगा, बायकोमुलांसकट कुवेतला असतो. चाची जाऊन सहा वर्षं झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस, तो दमणारच, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण कारण न सांगणं हे काही दमण्यामुळे नव्हतं. ती त्याची दुकानातली सवय होती.

पंधराव्या वर्षी तो मुंबईला गेला, जुन्या वस्तूंच्या बाजारात एका शेठच्या काचेच्या दुकानात. आधी नुसत्या बाटल्या पुसल्या. मग काचेची बुचं घासून बाटलीच्या तोंडात नेमकी बसवायला शिकला. मग फिरत्या चाकाला काच लावून वेली, फुलं, अक्षरं कोरायला शिकला. हात आणि डोळा इतका बसला की शेठनं त्याला पुढे आणून बसवलं. माल दुकानात घ्यायच्या आधी बाटली खरी की खोटी ते त्यानं सांगायचं. अडतीस वर्षं त्यानं तेवढंच केलं. शेठचा नियम एकच, निकाल द्यायचा, कारण द्यायचं नाही. कारण सांगितलं की खोटी करणारा महिन्याभरात ती खोड काढून तीच बाटली परत घेऊन येतो, आणि मग तुमची विद्या तुमच्याच डोक्यावर बसते.

मला मात्र त्यानं सांगितलं. एकदम नाही, दहा-बारा वर्षांत, खड्ड्याखड्ड्यातून, तुकड्यातुकड्यानं. मिनिडोरवाल्याला काय कळणार आणि हा कोणाला सांगणार, असं त्याला वाटलं असेल. चाकावर कोरलेल्या रेषेवरून बोट फिरवलं की ती आधी उथळ, मध्ये खोल आणि शेवटी पुन्हा उथळ लागते. तेजाबानं खाल्लेली नक्षी सगळीकडे सारखीच सपाट असते. जुन्या नक्षीच्या कडा बोथट झालेल्या असतात, नव्या बोटाला बोचतात. पण हे सगळं हुशार माणूस जमवून आणतो. खरा निकाल बुडावर. बाटली शंभर वर्षं फडताळात, पाटावर, खिडकीत उभी असते. कोणी इकडे सरकवतं, कोणी तिकडे ओढतं. म्हणून बुडावरचे ओरखडे वाटेल तसे पडतात, एखादा खोल, एखादा केसासारखा, आडवे, तिरके, एकात एक गुंतलेले. खोटी करणाऱ्याकडे शंभर वर्षं नसतात, पॉलिशचा कागद असतो. तो बाटली त्यावर ठेवून गरागरा फिरवतो. मग सगळे ओरखडे गोल आणि सगळे सारखे. 'नक्षी खोटा बोलते, बूड न्हाय बोलत,' असं शेठ म्हणायचा म्हणे.

याच बुडापायी चाचाची सख्खी बहीण चोर ठरली. त्या दिवशी तिला आणायला मीच गेलो होतो आणि पोहोचवायलाही मीच, म्हणून मला ते विसरता येत नाही.

मुआजचं लग्न होतं. चाचाचा आजा गलबतावर सारंग होता. त्यानं बसऱ्याहून गुलाबपाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, जोडी. पोटाला द्राक्षाची वेल कोरलेली, तोंडाला चांदीची जाळी. एक अम्माजवळ, म्हणजे चाचाच्या आईजवळ होती, कपाटात, कायम कुलपात. दुसरी तिनं धाकट्या लेकीला दिली. ही लेक म्हणजे फिरोजाखाला, खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला दिलेली. नातवाच्या लग्नात पाहुण्यांवर दोन्ही बाटल्यांतून गुलाबपाणी उडावं, एवढीच अम्माची इच्छा. जोडी एकदा डोळ्यांनी एकत्र बघायची होती तिला.

सकाळी मी जेट्टीवरून फिरोजाखालाला घेतलं. बाटली टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल घ्यावं तशी मांडीवर घेतली होती. खड्डा आला की ओरडायची, 'भागोजी, हळू! हिला काय झाला तर अम्मा मना घरात घेणार न्हाय.' आणि हसायची.

घरात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. चाचा नुकताच मुंबईचं काम सोडून कायमचा घरी आला होता आणि गोतावळ्यात त्याच्या नजरेचं भारी कौतुक. कोणीतरी म्हणालं, 'नजमुद्दीन, जरा बघून सांग, आज्याचा माल कसा हाय तो.' हौसेनंच म्हणालं. त्यानंही हौसेनंच भिंग काढलं. अम्माची बाटली बघून मान डोलावली. फिरोजाची उलटी केली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग तो म्हणाला, 'ही आपली न्हाय.'

आता हा बाजारात बसला नव्हता, आईच्या घरात उभा होता. पण जित्याची खोड. फिरोजाखाला विचारत राहिली, 'काय दिसला तुना? भाय, सांग तरी, काय दिसला?' त्यानं भिंग खिशात टाकलं. बाकीचं लोकांनी आपापल्या मनानं पुरं केलं. तिचा नवरा तेव्हा सौदीहून काम सुटून घरी बसलेला. म्हणजे खरी विकली असणार आणि बाजारातली नक्कल आणून ठेवली असणार. ती कुराणावर हात ठेवायला तयार झाली, तर एक म्हातारी म्हणाली, लग्नाच्या घरात तमाशा नको. अम्मानं लेकीकडे बघितलंसुद्धा नाही. मी दारात उभा होतो, मी बघितलं ते.

जेवणं व्हायच्या आत मी तिला परत जेट्टीवर सोडलं. बाटली तशीच टॉवेलात होती. या खेपेला ती खड्ड्यांबद्दल काही बोलली नाही. पुढच्या वर्षी अम्मा गेली, तेव्हा ती मयतीला आली, बायकांत बसली आणि त्या घरचं पाणीही न घेता गेली. या सगळ्याला चौदा वर्षं झाली.

तेव्हापासून चाचानं खाडी ओलांडली नाही. बहीण चोर निघाली असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, पण चूक झाली असंही कधी ऐकलं नाही. मी काही गप्प बसणारा माणूस नाही. कितीदा तरी त्याला म्हटलं, बहिणीपेक्षा बाटली मोठी झाली काय रे? तो म्हणायचा, 'बूड खोटा न्हाय बोलत,' आणि मग डोळे मिटून घ्यायचा. मला विचाराल तर माणूस कामानं एवढा दमत नाही.

यंदा मे महिन्यात मृणालीताईंकडून परत येताना आम्ही माझ्या घरी पाणी प्यायला थांबलो. माझी बायको जनी मागच्या दारी बाटल्या धूत होती. ती कोकमाचं आगळ करून काशीदच्या हॉटेलवाल्यांना देते, काचेच्या बाटल्यांतून, त्यामुळे मे महिना म्हणजे आमच्याकडे बाटल्यांचा महिना. घमेल्यात ओली वाळू, वाळूत बाटली उभी रोवलेली, काठीला काथ्या बांधून केलेला कुंचा बाटलीच्या आत. एका हातानं कुंचा घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हातानं बाटली वाळूत गरागरा फिरवायची. आतला कोपरान् कोपरा निघतो आणि साबण लागलेली बाटली हातातून सटकत नाही. लग्न झाल्यापासून मी हे बघतोय. बघतोय म्हणजे, माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं.

चाचा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभाच राहिला. मग हळूच खाली बसला, धुतलेली एक बाटली उचलली, उलटी केली, भिंग काढलं. दुसरी उचलली, मग तिसरी.

'जनी, ह्या कवापासून वापरतेस?'

'आसतील चार-पाच वर्सं.'

'आन अशाच धुतेस?'

'मंग कशा धुवायच्या? आमच्या दिघीकडं समद्या बाया अशाच धुतात.' जनीचं माहेर तिकडचं, फिरोजाखालाच्या वाडीपासून दोन कोसांवर. 'तेलाची आसू दे, सरबताची आसू दे. लग्नातल्या गुलाबपान्याच्या बी अशाच. ते पानी वास धरून ऱ्हातं ना, वाळूबिगर निघत न्हाय.' आणि हसून म्हणाली, 'चाचा, तुमी बाटल्यांचे एवढे जानकार, आन बाटली धुतात कशी त्ये म्हाईत न्हाय?'

खरंच माहीत नव्हतं त्याला. जन्मभर त्यानं बाटल्या पुसल्या, पण दुकानात, मऊ फडक्यानं. गावी सुट्टीवर यायचा तेव्हा बाप्ये पुढच्या दारी आणि बायका मागच्या दारी. अम्माची बाटली तर कुलपातच असायची, ती कशाला कोण वाळूत फिरवेल! त्याला हसायचा मला तरी काय हक्क? सगळं बूडपुराण मला पाठ होतं, आणि घरची एक बाटली मी कधी उलटी करून बघितली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चाचानं हातातली बाटली परत वाळूत उभी केली. मग म्हणाला, 'मी त्या दिशी बूड एवढा एक शब्द बोललो असतो ना भागोजी, तर फिरोजानंच वाळूचा सांगितलान असता.' तांब्या तसाच भरलेला ठेवून तो गाडीत जाऊन बसला. त्याला घरी सोडेपर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि हे मला किती जड जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी हा पलीकडे जाईल. कसला जातोय! चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या पडवीत जाऊन बसलो. तो खाटेवर पडून होता, दाढी वाढलेली, चहाचा कप तसाच.

'चाचा, उठ.'

'काय सांगू तिला? वाळूचा सांगू?'

'आहे ते सांग.'

'ज्यांच्यापुढं मी बोललो, ते अर्धे मातीत गेले. अम्मा गेली. आता कोणाला सांगून तिचा नाव परत येणार हाय?'

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आपण अशा वेळी मोठ्या माणसांसारखं काहीतरी बोलावं म्हणतात, पण मला सुचलं नाही. मी म्हटलं, 'तरी उठ.'

मिनिडोर आगरदांड्याला लावली आणि आम्ही फेरीबोटीत चढलो. रविवार होता. बोटीवर मुंबई-पुण्याच्या गाड्या खच्चून भरलेल्या, पोरं किल्ला कुठे दिसतो म्हणून ओरडत होती. पाव तासाचा रस्ता तो, चौदा वर्षं या माणसाला झेपला नव्हता. चाचा कठड्याला धरून उभा होता. बस म्हटलं तर म्हणाला, बसलो तर उठायचा न्हाय.

फिरोजाखाला अंगणात सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीनं बांधलेला. मला तिनं लगेच ओळखलं. 'ये भागोजी, बस,' म्हणाली. भावाला काही म्हणाली नाही, पण आतून खुर्च्या आणल्या त्या दोन.

चाचानं टेकता टेकताच सगळं सांगून टाकलं. बूड, गोल ओरखडे, पॉलिशचा कागद, शेठचा नियम, जनी, घमेलं, वाळू. अडतीस वर्षांत कोणाला दिली नव्हती तेवढी कारणं त्या एका बैठकीत दिली. शेवटी म्हणाला, 'बाटली आपलीच व्हती. मी चुकलो.'

ती जवळ्यातला कचरा निवडतच होती. 'मना म्हाईत हाय बाटली कोणची ती,' ती म्हणाली. 'मना सांगायला तू कशाला पायजेस? हितं चौदा वर्सात जेवढी लग्ना झाली, सगळ्यांत तीच फिरली. कोणी उलटी करून बघितलान न्हाय.'

चाचाचा हात नकळत खिशाकडे गेला. ती वर न बघताच म्हणाली, 'परत बघायची न्हाय.' त्यानं हात काढून मांडीवर ठेवला.

एक मांजर जवळ्याकडे सरकत होतं, त्याला मी हाकललं, तेवढंच काम मला होतं. झालं, आता उठावं, असं मी मनात म्हणतोय तोच चाचा म्हणाला, 'आजून एक हाय.'

हे मलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या खड्ड्यांतून, हे त्यानं एकदाही बाहेर येऊ दिलं नव्हतं.

'अम्मा जायच्या आठ दिस आदी मना जवळ बोलावलान,' तो म्हणाला. 'इचारलान, नजू, नीट बघितलीस ना रे? माझी फिरोजा असा करायची न्हाय. पलीकडं जा आन परत एकदा बघून ये.' तो सुपाकडे बघत होता. 'मी बोललो, बघितली. परत बघायची गरज न्हाय. मग ती काय बोलली न्हाय. तशीच गेली.'

बाटलीची चूक ही चूक होती, कोणाकडूनही होते. पण मरणाऱ्या आईला लेकीसाठी एकदा खाडी ओलांडून ये म्हणावंसं वाटलं, आणि यानं आपल्या नजरेच्या तोऱ्यात ते तिथंच संपवलं. आता ही आम्हा दोघांना हाकलून देईल, असं मला वाटलं, आणि दिलं असतं तर मी तिच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

तिनं सूप खाली ठेवलं.

'अम्मानं इचारलान?'

'व्हय.'

'आपणहून?'

'आपणहून. मी न्हवता काडला इषय.'

'मंजे अम्माला पटला नव्हता,' ती म्हणाली आणि रडायला लागली. तोंडाला ओढणी लावली नाही, मान वळवली नाही, आम्हा दोघांसमोर बसून मोठ्यानं रडली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. बाटली खरी होती हे तिला कोणी सांगायची गरजच नव्हती. आई आपल्याला चोर समजून गेली, हे एकच ओझं ती चौदा वर्षं वाहत होती.

चाचा तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत परत बसवलं.

'ते मग बघू,' ती म्हणाली. 'मी तुना माफ केला असा समजू नको. आदी सांग, काय बोलली अम्मा? तिच्या बोलीत सांग, जसा बोलली तसा.'

त्यानं सांगितलं. 'नजू, नीट बघितलीस ना रे? माझी फिरोजा असा करायची न्हाय.'

'परत सांग,' ती म्हणाली.

चाचानं परत सांगितलं.